कंपासपेटीमागची कादंबरी

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारपेठेत कुणालाही थांबवून ‘इथे पुस्तकांचं दुकान कुठे आहे?’ असं विचारलं, तर उत्तराच्या आधी प्रश्न येतो, ‘कितवीचं पाहिजे?’ मुंबईहून आलेला पुस्तकप्रेमी या प्रश्नाने घायाळ होतो. त्याला कादंबरी हवी असते आणि कादंबरी कितवीला लागते हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मग तो माळशेजच्या पावसात भिजतो, भजी खातो, घरी जातो आणि ग्रामीण भागातली वाचनसंस्कृती कशी लयाला चालली आहे यावर कळवळ्याने लेख लिहितो. त्या लेखात एक स्वप्नही असतं. तालुक्याच्या गावी एक छोटंसं, फक्त पुस्तकांचं दुकान असावं. लाकडी मांडण्या, पिवळसर उजेड, कोपऱ्यात आरामखुर्ची, खुर्चीत मांजर, आणि गल्ल्यावर असा मालक ज्याने दुकानातली सगळी पुस्तकं वाचलेली आहेत. स्वप्न चांगलं आहे. मांजर मिळेलही. पण असं दुकान शहापूर-मुरबाडात दुसरी दिवाळी बघणार नाही, आणि ते बंद पडलं म्हणून वाचनाचं फारसं बिघडणारही नाही, असं माझं म्हणणं आहे. माणूस दुसऱ्याच कशाची तरी वाट पाहत ताटकळत असतो, तिथे पुस्तक खपतं. आणि ताटकळण्याच्या बाबतीत हे दोन तालुके राज्यात कुणालाही हार जाणार नाहीत.

आधी जे दुकान आहे ते नीट बघू. नाव देवाचं किंवा थोरल्या मुलाचं, आणि पुढे ‘बुक डेपो अँड जनरल स्टोअर्स’. शटरच्या दोन्ही बाजूंना दोरीवर टांगलेली दप्तरं. जूनमध्ये त्यांच्या शेजारी रेनकोट, ऑगस्टमध्ये राख्या आणि झेंडे, थंडीत गॅदरिंगला लागणाऱ्या दाढ्यामिशा. काचेच्या काउंटरखाली पेनं, खोडरबर, कंपासपेट्या, फेव्हिकॉल, आणि कुणी न नेलेल्या पासपोर्ट फोटोंची पाकिटं. काउंटरच्या टोकाला झेरॉक्सचं मशीन आणि त्याच्या काचेवर कुणीतरी विसरून गेलेलं आधार कार्ड. मागच्या फळ्यांवर खाली शंभर पानी आणि दोनशे पानी वह्यांचे गठ्ठे, त्यांच्यावर जर्नलं, त्यांच्यावर गाइडं आणि अपेक्षित प्रश्नसंच, त्यांच्यावर पोलीस भरती, तलाठी भरती, वनरक्षक भरती. आणि या सगळ्यांच्या वर, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही अशा फळीवर, ‘इतर’. या ‘इतर’मध्ये नवनाथ भक्तिसार आणि शिवलीलामृत असतं, श्यामची आई असते, मृत्युंजय, छावा आणि श्रीमान योगी असतात, निबंधांचं एक पुस्तक असतं आणि मालकाच्या मेव्हण्याचा कवितासंग्रह असतो. सबंध दुकानात या फळीच्या वर फक्त गणपतीची तसबीर आणि तसबिरीमागची पाल. मराठी कादंबरीला एवढं उच्च स्थान पुण्यातही कोणी दिलेलं नाही.

फक्त पुस्तकांचं दुकान का चालणार नाही हे समजायला भागाकार यावा लागतो, गहिवर नाही आला तरी चालतो. समजा, कादंबरीची किंमत ३०० रुपये. विक्रेत्याला तीस टक्के सुटले तर हाती ९०. गिऱ्हाईक ‘काही कमी होतील का?’ असं विचारणारच. हा प्रश्न आपण तिरडीच्या सामानालाही सोडत नाही. त्याला दहा टक्के सोडले की उरले ६०. आता गाळ्याचं भाडं ८ हजार, हाताखालच्या पोराचे ८ हजार, वीजबिल आणि चहापाणी २ हजार असा अगदी काटकसरीचा हिशेब धरला, तरी १८ हजार निघायला महिन्याला ३०० पुस्तकं खपायला हवीत. म्हणजे रोज दहा, रविवार आणि अमावास्या धरून; आणि यात मालकाच्या जेवणाची सोय अजून केलेलीच नाही. यावर आशावादी माणूस म्हणेल, २०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्यात तीन लाखांवर आणि मुरबाड तालुक्यात दोन लाखांच्या आतबाहेर लोक होते. वर्षाला ३,६०० पुस्तकं म्हणजे दर एकशे चाळीस माणसांमागे एक, त्यात काय मोठं? कागदावर काहीच मोठं नाही. पण मराठी कादंबरीची आवृत्ती निघते पाचशे-हजार प्रतींची आणि तीसुद्धा अख्ख्या महाराष्ट्रात संपायला वर्षं घेते, हेही कागदावरच आहे. शिवाय ही माणसं दुकानासमोर रांग लावून उभी नाहीत. ती डोळखांब, किन्हवली, खर्डी, टोकावडे, धसई अशा गावांत आणि त्यांच्याही पलीकडल्या पाड्यांवर पसरलेली आहेत, एस.टी.चं तिकीट काढून कादंबरी आणायला यायचं तर त्या कादंबरीत तेवढं काही असावं लागतं. उलट दोनशे पानी वह्या शाळा उघडायच्या आठवड्यात एका सकाळी तीनशे जातात. वरच्या फळीवरची कादंबरी तिथे राहते ती वहीने भाडं भरलं म्हणून.

पुस्तकाला वहीच्या आश्रयाला ठेवणं हा पुस्तकाचा अपमान आहे, असं सोवळ्यातले पुस्तकप्रेमी म्हणतात. ही सरमिसळ एकट्या दुकानदाराने केली असती तर त्याला अडाणी म्हणून मोकळं होता आलं असतं. पण २०२३-२४ पासून खुद्द राज्य शासनाने दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत कोरी पानं शिवून दिली. धडा संपला की त्याच पुस्तकात वही लागायची. २०२५ मध्ये ती पानं काढून टाकायचं ठरलं, म्हणजे शासनालाही पुस्तक कुठे संपतं आणि वही कुठे सुरू होते हे कळायला दोन वर्षं लागली. कराचं तर याहून मार्मिक. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आणि कोऱ्या वहीवर सप्टेंबर २०२५ पर्यंत बारा टक्के होता. काहीही न लिहिलेल्या कागदाला दंड, काहीही लिहिलेल्या कागदाला माफी. मराठीत कवितासंग्रह का थांबत नाहीत याचा शोध घेणाऱ्यांनी हा मुद्दा तपासून पाहावा.

तर ताटकळणं. ए. एच. व्हीलर ही कंपनी १८७७ मध्ये अलाहाबादला निघाली ती रेल्वेच्या फलाटांवर पुस्तकं विकायला. फलाटावर आलेला माणूस वाचायला आलेला नसतो. तो गाडीसाठी आलेला असतो आणि गाडी आलेली नसते. एवढ्या एका फटीत शिरून ती कंपनी देशभर पसरली. १८८८ मध्ये तिने रुडयार्ड किपलिंगच्या कथा पातळ पातळ पुस्तकांत, एक रुपयाला एक, अशा काढल्या. पुढे १९०७ मध्ये नोबेल मिळवणारा हा लेखक तेव्हा बावीस वर्षांचा पोरगा होता, आणि त्याला वाचक मिळवून देण्यात उशिरा धावणाऱ्या गाड्यांचा वाटा कुठल्याही समीक्षकापेक्षा मोठा असणार. आता त्याच स्टॉलांवर पुस्तकांबरोबर पाण्याच्या बाटल्या, वेफर्स आणि चार्जर विकायची मुभा आहे, आणि काही ठिकाणी पुस्तक शोधायला वेफर्स बाजूला करावे लागतात. पुस्तकप्रेमी त्यावर हळहळतात. मी म्हणतो, वेफर्सने पुस्तक हटवलेलं नाही, वेफर्सने पुस्तकाचं भाडं भरलेलं आहे. मुंबईचं स्ट्रँड बुक स्टॉल घ्या. टी. एन. शानभागांनी ते १९४८ मध्ये स्ट्रँड सिनेमागृहातल्या एका छोट्याशा गाळ्यात सुरू केलं. तिथलं गिऱ्हाईकही खेळ सुरू होण्याची वाट पाहत असायचं. पुढे दुकान फोर्टात स्वतःच्या जागी गेलं, देशभर नावाजलं, शानभागांना पद्मश्री मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ते बंद झालं. कारणं अनेक असतील. पण सिनेमा सोडून ते इतकी वर्षं निव्वळ पुस्तकांवर उभं राहिलं हेच नवल, आणि त्याला शानभाग लागले. प्रत्येक तालुक्याला एक शानभाग कुठून आणायचा?

याहून जुना पुरावा तर मुरबाडच्या दारातच आहे. माळशेजच्या रस्त्याला वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची वाट फुटते. माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, आणि जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख. कोणकोणते यज्ञ केले आणि त्यात किती गायी, किती घोडे, किती हत्ती आणि किती कार्षापण दान दिले, याची ती लांबलचक यादी. असा मजकूर राजधानीत, चार विद्वान जमतील अशा ठिकाणी कोरता आला असता. तो कोरला घाटात, जिथे चढून आलेला व्यापारी ओझं उतरवून, धापा टाकत, आपली पाळी येईपर्यंत बसलेला असणार. मजकुरात रंजन फारसं नाही, हे मान्य करावं लागेल. पण वाचक हलू शकत नव्हता. प्रकाशनव्यवसायात एवढं अचूक जागेचं गणित त्यानंतर फार थोड्यांनी साधलं.

या निकषावर शहापूर-मुरबाड तपासा. कसारा लोकलला मुंबई गाठायला अडीच तास लागतात, तेही गाडी वेळेवर सुटली तर. आसनगावला रेल्वे १८६० च्या सुमाराला आली; मुरबाडला ती अजून यायची आहे, आणि कल्याण-मुरबाड रेल्वे ही आपल्या जिल्ह्यातली सर्वांत दीर्घकाळ क्रमशः चाललेली कथा आहे. दर निवडणुकीला एक प्रकरण बाहेर येतं आणि उत्कंठा शिगेला पोचली की थांबतं. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा पुरवणारं भातसा धरण शहापूर तालुक्यात, तानसाही तिथलंच, आणि वैशाखात टँकरकडे डोळे लावून बसलेले पाडेही त्याच तालुक्यात. तहसील कचेरीत साहेब मीटिंगला, सेतू केंद्रात सर्व्हर डाऊन, स्टँडवर डोळखांबची गाडी ‘येईल एवढ्यात’. वाट पाहण्याचा असा अखंड पुरवठा असलेली बाजारपेठ कुठल्याही पुस्तकविक्रेत्याला लाभलेली नाही. एक समृद्धी महामार्ग तेवढा धोक्याचा. जून २०२५ मध्ये त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि तालुक्यातून एक असा रस्ता गेला जिथे कुणाला थांबावंच लागत नाही. त्याच्या कडेला पुस्तक खपेल अशी आशा मी धरत नाही.

इथे वाचणाऱ्याच्या ओठांवर आलेला आक्षेप मला दिसतो: ताटकळणारा माणूस आता पुस्तक बघत नाही, मोबाइल बघतो. हा आक्षेप खरा आहे आणि फलाटापुरता तर त्याला उत्तरच नाही. पण बुक डेपोच्या काउंटरवर काय घडतं ते बारकाईने पाहिलं पाहिजे. भरतीचा नाहीतर शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म भरायला माणूस येतो. मालक संगणकावर नाव, जात, गट नंबर टाकतो आणि हात पुढे करतो, ‘फोन द्या, ओटीपी येईल.’ फोन जातो काउंटरपलीकडे. ओटीपी येत नाही. पुन्हा पाठवला जातो, मग दोन एकदम येतात आणि दोन्ही चालत नाहीत. ही पाव-अर्धा तासाची वेळ अशी आहे की गिऱ्हाईकाच्या हातात काही नाही, जागा सोडता येत नाही, आणि समोर काचेखाली कंपासपेट्या आहेत. आजच्या काळात हातात फोन नसलेला, शुद्धीवर असलेला आणि अक्षरओळख असलेला प्रौढ माणूस एवढा वेळ एका जागी सापडण्याचं दुसरं ठिकाण नाही. त्यात वीज गेली तर विचारूच नका. अशा माणसापुढे कंपासपेट्यांच्या जागी चार कादंबऱ्या ठेवल्या, तर तो त्यातली एक उघडणार. खोडरबरावरचा मजकूर तो तोवर वाचून संपवलेला असतो.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठितांचा आहे. गाइडं आणि भरतीची पुस्तकं विकणाऱ्याला पुस्तकविक्रेता कसं म्हणायचं, आणि ती वाचणाऱ्याला वाचक? मला यात अडचण दिसत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. नोकरी लागण्याची शक्यता एवढी बारीक असताना माणसं सहाशे पानांचा ठोकळा कव्हर घालून, अधोरेखित करून, दोनदा वाचतात. कुठल्या समीक्षकाने कुठल्या कादंबरीला असं वाचलंय? आणि पोथीचं काय? मुरबाड तालुक्यात देहरी गावाच्या डोक्यावर गोरखगड आणि त्याच्या शेजारी मच्छिंद्रगड उभा आहे. या गडांना ज्यांची नावं आहेत त्या नाथांची गोष्ट मालुकवीच्या नवनाथ भक्तिसारात चाळीस अध्यायांत आलेली आहे: एक नाथ माशाच्या पोटातून जन्मतो, एक उकिरड्यात टाकलेल्या भस्मातून, एक हत्तीच्या कानातून, गुरू स्त्रीराज्यात रमून बसतो आणि शिष्याला त्याला सोडवून आणावं लागतं. हे कल्पित साहित्य नसेल तर मग कल्पित साहित्य कशाला म्हणायचं? भाविकांनी रागावू नये. श्रद्धा आणि गोष्टीची ओढ एकाच पाटावर बसून अध्याय ऐकतात.

आणि या ओढीचा मोठा पुरावा त्याच तालुक्यात फांगणे गावी आहे. ८ मार्च २०१६ ला जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी तिथे आजीबाईंची शाळा सुरू केली. विद्यार्थिनींचं वय साठ ते नव्वद, गणवेश गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, हातात पाटी, आणि वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे घरातली कामं आटोपल्यावर. साक्षरतेचे फायदे त्यांना कुणी फलकावर लिहून पटवलेले नव्हते. गावात पारायण व्हायचं, दुसरे वाचायचे आणि यांना ऐकावं लागायचं. आपल्यालाही वाचता यावं, ही त्यांची इच्छा होती. साठ-सत्तर वर्षं दुसऱ्याच्या तोंडून अध्याय ऐकल्यावर, वाचणारा मधली पानं गाळतो की काय अशी शंका येणं स्वाभाविकच आहे, असं आपलं मला वाटतं. या आज्यांपैकी कुणी शहरातल्या एखाद्या पुस्तकांच्या दुकानात गेली, तर तिला प्रवेशद्वारीच इंग्रजी स्वयंसाहाय्याची रास दिसेल. बुक डेपोचा मालक तिला मोठ्या टायपातलं शिवलीलामृत काढून देईल आणि चष्म्याचा नंबरही विचारील. चोखंदळ पुस्तकविक्रेता म्हणतात तो याहून वेगळा काय करतो?

ऑनलाइन पुस्तकं घरपोच येतात, मग दुकानाचा हट्ट कशाला, हा तिसरा आक्षेप. इथली माणसं त्या बाबतीत मागे आहेत असा गैरसमज नसावा. धसई तर डिसेंबर २०१६ मध्येच राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं होतं. पण ऑनलाइन पुस्तक मागवायला त्याचं नाव ठाऊक असावं लागतं. ज्याला नाव ठाऊक आहे तो आधीच वाचक आहे, त्याची चिंता नको. वाचनालयांचंही तेच. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावी अनुदानित वाचनालयं झाली आणि त्यांनी मोठं काम केलं. तरी वाचनालयात जाणारा माणूस वाचायचं ठरवून चपला घालतो. विनायक रानडे यांनी २००९ मध्ये नाशिकहून कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं, त्यात शंभर पुस्तकांची पेटीच माणसांकडे जाऊ लागली. ती योजना चालली याचं मला आश्चर्य वाटत नाही. पेटी ठेवली की ती कुणाच्या तरी ताटकळण्याच्या वाटेत येतेच. राहता राहिलं भिलार. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं तेव्हापासून, माळशेजच्या पायथ्याला तसं एक का नको, असं विचारणारे आहेत. नको, कारण भिलारला पर्यटक मुक्कामाला असतो, धुकं निवळायची वाट पाहत. माळशेजला तो भिजायलाच आलेला असतो, आणि ओल्या हातांनी पुस्तक उघडू नये एवढं तरी वाचनसंस्कृतीत बसतं. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा अशी असते की कोरडी कादंबरी आठवड्यात अंगाने भरते.

आता लिहिणाऱ्यांकडे वळू, कारण दुकानाचा प्रश्न अखेर त्यांच्यावर येऊन आदळतो. या दोन तालुक्यांतल्या होतकरू कादंबरीकाराला माझा सल्ला असा की त्याने वाचक कुठे उभा आहे हे बघून लिहावं. कसारा लोकलमध्ये तो एका हाताने कडी धरून उभा असतो; मृत्युंजय हातात धरायला त्याला दुसरी नोकरी बघावी लागेल. तेव्हा पुस्तक एका हातात मावणारं हवं आणि प्रकरण असं हवं की आसनगावला उघडलं तर टिटवाळा येईपर्यंत एक खून, निदान एक वाटणीपत्र, झालेलं असावं. असं वाट बघणाऱ्यांसाठी लिहिलेलं साहित्य हलकं असतं, अशी तक्रार येईलच. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि मराठीत जे पुढे जड पुस्तकं वाचू लागले त्यांतल्या अनेकांची सुरुवात त्या कथांपासून झाली, हे तेच लोक वयाच्या साठीनंतर कबूल करतात. दिवाळी अंकांचा आपल्याला केवढा अभिमान, पण का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तो फराळ झाल्यावर माणूस रिकामा बसतो हे ओळखूनच ना? हलकेपणा बैठकीवर ठरत नाही. उभ्याने वाचलेलं पुस्तकही डोक्यातच जातं.

स्पर्धा मात्र तगडी आहे, याची कल्पना लेखकाला द्यायला हवी. इथे कल्पित साहित्य फुकट वाटलं जातं. महामार्गावरच्या प्लॉटिंगवाल्यांची चकचकीत पत्रकं पाहा. त्यांत नदीकाठ असतो, आमराई असते, मुंबई दीड तासावर असते, आणि बारमाही पाणी असतं. सातबारावर याच जागेला खडकाळ, पोटखराबा म्हटलेलं असतं. वर्णनशक्ती, अतिशयोक्ती, वाचकाचा विश्वास संपादन करणं, कशातच ही पत्रकं कुठल्याही कादंबरीला ऐकणार नाहीत, आणि त्यांच्या वाचकांनी त्यांवर विश्वास ठेवून आयुष्याची पुंजी दिलेली आहे. कादंबरीला एवढा मोबदला कुणी देत नाही. तिला तीनशे रुपये द्यायलाही लोक आढेवेढे घेतात, कारण लेखक ओळखीचा असतो आणि ओळखीच्या लेखकाने प्रत ‘सप्रेम भेट’ द्यायची असते. तालुक्याच्या गावी सगळेच ओळखीचे. प्रकाशनाला शाल, श्रीफळ, मांडव, चहा आणि अध्यक्षांची गाडी एवढा खर्च झाल्यावर जो उरतो तो वाचकवर्ग संपूर्णपणे भेटीचा असतो.

म्हणून अशा लेखकाने सरळ बुक डेपोत जावं. मालक नाही म्हणत नाही. तो दहा प्रती परतीच्या बोलीवर ठेवून घेतो, ‘गेल्या तर पैसे, नाही तर न्या’ असं सांगतो आणि स्टूल आणायला वळतो. इथे लेखकाने त्याचा हात धरावा आणि प्रती वर जाऊ देऊ नयेत. ओटीपीवाल्याच्या नजरेच्या उंचीवर, फेव्हिकॉल आणि कंपासपेट्यांच्या मधोमध त्या लागल्या पाहिजेत. एवढं जमलं की पुढचं आपोआप होतं. किती खपल्या हे बघायला लेखक दर दोन दिवसांनी दुकानात येतो, पण नुसतं कसं विचारायचं म्हणून आधार कार्डाची झेरॉक्स काढायला सांगतो. ती होईपर्यंत हळूच प्रती मोजतो. दहाच असतात. परवा पुन्हा येतो, या वेळी पॅन कार्ड घेऊन, मग रेशन कार्ड, मग सातबारा, मग बायकोचं आधार. मालकाला हे पुस्तक एकही प्रत न जाता नियमित उत्पन्न देऊ लागतं, आणि दुसरी कादंबरी कधी काढताय असं लेखकाला आपणहून विचारणारा गावातला तो पहिला माणूस ठरतो.